गाडींत फेरफार करावे काय?

ह्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुधा मुलांचें शिक्षण, घरांतील वांटण्या, सुनांच्या नोकऱ्या, वृद्धांचें औषधपाणी हेच विषय असतात. गेल्या महिन्यांत मात्र आमच्याच पेठेंतून, म्हणजे शाहूपुरींतून, एक निराळें पत्र आलें. लिहिणाऱ्या भगिनी एका मोठ्या एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाई आहेत. घरांत सासूबाई, दोन दीर, जावा व मुलेंबाळें मिळून तेरा माणसें नांदतात. थोरले चिरंजीव नुकतेच इंजिनिअर होऊन नोकरीस लागले असून त्यांनीं स्वतःच्या पहिल्या मिळकतींतून, अर्थात् कर्ज काढून, एक थार गाडी घेतली आहे. गाडी दारांत येऊन चार महिने झाले नाहींत तोंच तिची उंची दोन इंच वाढवावी, मोठीं चाकें बसवावीं, पुढें लोखंडी बंपर, त्यावर दोर गुंडाळणारें यंत्र, इंजिनाला हवा घेण्यासाठीं टपापर्यंत नळी व वर दिव्यांची रांग लावावी, असा चिरंजीवांचा बेत ठरला आहे. घरांतील धाकटे काका ह्या बेताच्या अगदीं विरुद्ध आहेत. कारखान्यानें दिलेल्या गाडीचा एक खिळाही हलवूं नये, असें त्यांचें मत. त्यांची स्वतःची जुनी जीप मागच्या शेडमध्यें अजून उभी आहे, आणि प्रत्येक जेवणाच्या पंगतीस ती साक्षीला बोलावली जाते.

एवढ्यावर हा वाद राहिला असता तर आम्हीं पत्र हसून बाजूस ठेविलें असतें. परंतु भगिनींनीं शेवटीं जें लिहिलें आहे तें वाचून आम्हांस थांबावें लागलें. ह्या कुटुंबाचें मूळ गांव गगनबावड्याच्या घाटाखालीं कोंकणांत आहे. तेथें कुळाचार असतो, तोही ऐन श्रावण-भाद्रपदांत. शेवटचे तीन मैल मातीची वाट, मध्यें एक ओढा. चौऱ्यायशीं वर्षांच्या सासूबाई दरवर्षीं हट्टानें जातात आणि ह्यापुढें त्यांना ह्याच गाडींतून न्यावयाचें आहे. "गाडी दिसावयास कशी दिसेल हें मी विचारीत नाहीं, एवढे फेरफार केल्यावर ती अधिक भरंवशाची होईल कीं कमी, एवढेंच सांगा," असा भगिनींचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर एका शब्दांत देण्यासारखें नाहीं.

शाहूपुरीच्या माणसास हा विषय परका वाटूं नये. १८९१ सालीं मिरजेहून आगगाडी कोल्हापुरास आली, आणि शाहू महाराजांच्या कारकीर्दींत स्टेशनाच्या आसपास ही गुळाची पेठ वाढली. गुळाच्या मागोमाग बैलगाड्या, बैलगाड्यांच्या मागोमाग ट्रक, ट्रकांच्या मागोमाग मिस्त्री, असा हा क्रम आहे. पलीकडेच शिवाजी उद्यमनगर. तेथील ओतकामाच्या व लेथकामाच्या कारखान्यांतून इंजिनाचे व गिअरपेटीचे भाग देशभर जातात. जें बाजारांत मिळत नाहीं तें घडवून देऊं, हा कोल्हापुरी कारागिराचा बाणा आहे, आणि तो बहुतांशीं खराही आहे. भाग घडविण्याची विद्या येथें मुबलक आहे. घडविलेला भाग त्या गाडींत शोभतो कीं नाहीं हें पाहण्याची विद्या मात्र निराळी असते, आणि आमच्या घरीं ती फार महाग पडली.

आमच्या वडिलांनीं घेतलेली जीप जुनीच होती. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईस माझगांवीं विलीज जीपांची जुळणी सुरू झाली. त्या घराण्यांतीलच ती एक. मूळची ही जात लढाईंत जन्मलेली. १९४१ ते १९४५ ह्या काळांत विलीज व फोर्ड ह्या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बाहेर काढल्या. तिचें इंजिन सव्वादोन लिटरांच्या आंतलें व साठ अश्वशक्तीचें, वजन सुमारें अकराशें किलो, गिअर तीन. अंगावर चैनीची एकही वस्तु नाहीं. ती अमर आहे अशी जी तिची ख्याति झाली, ती पुष्कळ अंशीं गैरसमजुतीची आहे, असें आम्ही अनुभवानें म्हणतों. तिचे कितीतरी सांधे ठराविक मैलांनंतर ग्रीस मागत. तें न मिळाल्यास ती दुसऱ्या कोणत्याही गाडीइतक्याच लवकर झिजे. लष्करांत ती टिकली, कारण ग्रीसची बंदूक घेतलेला शिपाई तिच्या पाठीशीं होता.

पेट्रोल महागलें तेव्हां गांवोगांवीं ह्या जीपांचीं पेट्रोल इंजिनें काढून डिझेल इंजिनें बसविण्याची लाट आली. १९८४ सालीं वडिलांनींही तसें केलें. इंजिन उत्तम होतें. जेथें तें बसविलें त्या कारखान्याचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. काम करणारा मनुष्य प्रामाणिक होता व त्यानें पैसेही वाजवी घेतले. पण डिझेल इंजिन जड असतें, त्याचे ठोके कठीण असतात. पुढची बाजू जडावल्यानें पाटे बसले, म्हणून एक पाटा वाढविला. पाटा वाढविल्यानें खड्ड्यांतील हिसका पूर्वीप्रमाणें पाट्यांत न मुरतां चासीसपर्यंत पोंचूं लागला. गाडी पूर्वीपेक्षां रुंद टायरांवर उभी केलेली होती, त्यामुळें स्टीअरिंग फिरवितांना जोर अधिक लागे. आणि तो सर्व जोर चासीसच्या ज्या पट्टीवर स्टीअरिंगची पेटी बोल्टांनीं आवळलेली असते त्या हातभर पट्टीवर पडे. प्रत्येक फेरफार वेगळा पाहिला तर समंजस होता. तिन्हींचें ओझें एकाच ठिकाणीं येऊन पडतें, हें कोणाच्याच लक्षांत आलें नाहीं.

दोन वर्षें गाडी धांवली. तिसऱ्या वर्षीं गणपतीसाठीं कोंकणांत उतरत असतां करूळच्या घाटांत वडील एकाएकीं म्हणाले, "चाक ऐकत नाहीं." हातांतील चाक पाव फेरा फिरवावें तरी पुढचीं चाकें वळेनात. पाऊस लागलेला, एका बाजूस दरी, गाडींत आई, आजी, आत्याबाई आणि आम्ही चार मुलें. वडिलांनीं गाडी डोंगराच्या अंगास घालून गटारांत टेकविली, म्हणून हें सदर आज लिहिलें जात आहे. खालीं वांकून पाहिलें तों चासीसच्या पट्टीस बोटभर चीर पडलेली, आणि चाक फिरविलें कीं स्टीअरिंगची पेटीच पट्टीसकट डुलत होती. आजी पदरानें चेहरा पुशीत एवढेंच म्हणाल्या, "इंजिनाला तर कांहीं झालें नाहीं ना?" आजींचा प्रश्न भोळा होता असें तेव्हां वाटलें. पुढें कळलें कीं त्यांत सर्व मर्म होतें: ज्या वस्तूवर पैसे खर्च केले ती शाबूत राहिली, आणि जिच्याकडे कोणीं पाहिलें नाहीं ती तुटली.

ती चीर नंतर उद्यमनगरांतील एका वृद्ध मिस्त्रींनीं दुरुस्त केली. त्यांची रीत आम्हीं मुलांनीं उकिडवें बसून पाहिली. त्यांनीं प्रथम चिरेचें टोंक शोधलें व तेथें बारीकसें भोंक पाडलें. कारण चिरेचें अणकुचीदार टोंकच लोखंड फाडीत पुढें जातें, तें गोल केलें कीं ताण पसरतो आणि चीर थांबते. मग आंतून पट्टी बसविली. ती सरळ चौकोनी न ठेवतां तिचीं टोंकें निमुळतीं कापलीं, आणि चासीसच्या आडवा सलग टांका मारण्याचें कटाक्षानें टाळलें. वेल्डिंगच्या धगीनें टांक्याच्या कडेचें लोखंड आपला मूळचा गुण बदलतें. आडवा टांका असला तर पुढची चीर नेमकी त्या कडेनें, कापडास घातलेल्या घडीवरून फाटावें तशी, धांवत जाते. हें सर्व त्यांनीं आम्हांस न विचारतां सांगितलें, आणि वाढविलेला पाटा काढून टाकावयास लावला.

ही जुनी हकीकत अशासाठीं सांगितली, कीं चिरंजीवांची गाडी नव्या काळची असली तरी हिशेब तोच आहे. कारखान्यांतून आलेली गाडी म्हणजे एक जमाखर्च जुळविलेली वही होय. तींतील एक रक्कम बदलली कीं चार पानांवर खाडाखोड करावी लागते.

चाकांचेंच घ्या. नव्या थारचीं मोठीं चाकें मुळांतच सुमारें एकतीस इंच व्यासाचीं असतात. तेथें तेहेतीस इंची चाकें बसविलीं तर वाढ दोन इंचांची. परंतु आंस जमिनीपासून उचलला जाईल तो एकच इंच, कारण व्यासाचा अर्धाच भाग आंसाखालीं असतो. ह्या एका इंचाचें मोल पहा. चाक एका फेऱ्यांत पूर्वीपेक्षां सुमारें साडेसहा टक्के अधिक अंतर तोडणार. म्हणजे जणूं सर्वच गिअर तेवढे उंच झाले. घाटांत ज्या गिअरवर गाडी सहज चढे तेथें ती कुंथूं लागेल, क्लच अधिक जळेल. वेगाचा कांटा साठ दाखवील तेव्हां गाडी जवळजवळ चौसष्टानें जात असेल. ब्रेक तेच, पण त्यांना थोपवावयाचें चाक मोठें व जड. तेवढाच जोर त्यांना अधिक लावावा लागेल. जड चाक खड्ड्यांत आपटतें तेव्हां बेअरिंगवर, बॉल जॉइंटवर आणि स्टीअरिंगच्या दांड्यांवर बसणारा घाव वाढतो. हे भाग एका दिवसांत मोडत नाहींत. पन्नास हजार किलोमीटर जावयाचे ते तीस हजारांत खुळखुळूं लागतात, आणि मालक म्हणतो, हल्लीं माल चांगला येत नाहीं.

उंची वाढविण्याविषयीं तर फारच मोठा भ्रम आहे. स्प्रिंगा उंच केल्या कीं गाडी खडकावर घासणार नाहीं अशी समजूत असते. वस्तुतः स्प्रिंग उंच केल्यानें चासीस व त्यावरील शरीर उचललें जातें. मागील आंस, आणि त्याच्या मध्यभागीं असलेला गोळा, ज्याला मिस्त्री डिफरन्शियल म्हणतात, तो होता तेथेंच राहतो. खडक तर बहुधा त्यालाच लागतो. उंचीचा लाभ मुळींच नाहीं असें नव्हे. पुढच्या चढावर नाक आणि मागच्या उतारावर शेपूट घासण्याचें टळतें, मधलें पोट बांधावर टेकत नाहीं. पण इंजिनाकडून मागच्या आंसाकडे जोर नेणारा जो लांब दांडा, तो आतां अधिक तिरका होतो. त्याच्या दोन टोंकांस जे क्रॉस असतात ते सरळ रेषेंत सुखानें फिरतात. कोन वाढला कीं प्रत्येक फेऱ्यांत त्यांची गति किंचित् पुढेंमागें होते, आणि दोन्ही टोंकांचे कोन सारखे न राहिले तर ती ओढाताण थरथरीच्या रूपानें गाडीभर पसरते. "गाडी ऐंशींच्या पुढें थरथरते" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या उंच गाड्यांचें दुखणें पुष्कळदां हेंच असतें. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो. नव्या गाड्यांत चाकें घसरूं लागतांच ब्रेक आपोआप लावणारी जी विजेची योजना असते, ती मूळच्या उंचीवर व मूळच्या चाकांवर बेतलेली असते. घाटाच्या वळणावर अकस्मात् म्हैस आडवी आली म्हणजे ह्या दोन इंचांची किंमत कळते.

आतां पाण्याविषयीं. २०१९ च्या ऑगस्टांत राजाराम बंधाऱ्यापाशीं पंचगंगेचें पाणी पंचावन्न फुटांवर गेलें. धोक्याची रेघ त्रेचाळीस फुटांची आहे. शिरोलीपाशीं महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, आणि शाहूपुरींतही नाल्याकडील गल्ल्यांत पाणी शिरलें. २०२१ च्या जुलैंत पुन्हां तोच प्रसंग आला. त्या दिवसांत उंच गाड्यांचा, ट्रॅक्टरांचा उपयोग झाला हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें, आणि बंद पडलेल्या उंच गाड्याही पाहिल्या. टपापर्यंत नेलेली नळी इंजिनाच्या श्वासापुरती असते. इंजिनानें हवेऐवजीं पाणी ओढलें तर पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. पिस्टन त्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वांकतो. हें नळीनें टळतें खरें. पण आंसाच्या आंतील तेलाचें काय? डोंगरावरून तापून आलेला आंस थंड ओढ्यांत उतरला कीं आंतली हवा आकुंचते आणि सीलमधून किंवा श्वासाच्या छिद्रांतून पाणी आंत खेंचतें. तेलाचें ताक होतें. गाडी ओढा पार करून ऐटींत घरीं येते, आणि तीन महिन्यांनीं दांते खाल्लेले सांपडतात. ह्या छिद्रास साधी रबरी नळी जोडून ती वर नेणें हा शेंकड्यांत होणारा उपाय आहे. दिसत नाहीं म्हणून तो कोणी करीत नाहीं.

थारच्या कारखान्यानें पाण्याची मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे सुमारें सव्वादोन फूट, सांगितली आहे. ती संथ पाण्याची समजावी. वाहत्या पाण्याची गोष्ट अगदींच निराळी. दोन फूट खोलीचा वेगवान प्रवाह बहुतेक मोटारींना उचलून नेण्यास पुरतो, आणि मोठीं फुगीर चाकें अशा वेळीं तरंगण्यास मदतच करतात. टपापर्यंत नळी असलेला तरुण ओढ्यापाशीं थांबत नाहीं, आणि नळी नसलेला थांबतो. त्या नळीचा सर्वांत मोठा धोका आम्हांस हाच वाटतो.

आणखी एक लहानसा हिशेब वाचकांनीं घरीं करून पहावा. समजा, आपण गाडींत नवीन दहा वस्तु बसविल्या, आणि प्रत्येक वस्तु इतकी उत्तम कीं शंभरांतून नव्याण्णव वेळां ती दगा देत नाहीं. मग दहाही वस्तु एकाच प्रवासांत सुखरूप राहण्याचा संभव किती? नव्याण्णव शतांश दहा वेळां गुणीत गेल्यास उत्तर सुमारें नव्वद शतांश येतें. म्हणजे दहा प्रवासांतील एका प्रवासांत कांहींतरी बिघडणार. तें बिघडणें दिव्यापुरतें असेल तर चिंता नाहीं. पण रिले व फ्यूज न घालतां बॅटरीवरून थेट ओढलेल्या तारा गरम होऊन पेट घेतात, आणि दिव्याचा बिघाड गाडीचा बिघाड होतो.

कायद्याचें कलमही चिरंजीवांनीं वाचलेलें बरें. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखान्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं न जुळणारा फेरफार मालकास करतां येत नाहीं; सर्वोच्च न्यायालयानें २०१९ च्या जानेवारींत हेंच स्पष्ट केलें. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें असा नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेविली आहे. रस्त्यावर अशा गाड्या सर्रास दिसतात हें खरें. परंतु अपघात झाला आणि विमा कंपनीचा मनुष्य मोजपट्टी घेऊन आला म्हणजे "सगळेच करतात" हें उत्तर तेथें चालत नाहीं.

इतकें लिहून झाल्यावर, नुसत्या कागदावर निर्णय देणें बरें नव्हे म्हणून आम्ही एका रविवारीं त्या घरीं जाऊन आलों. घर आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. चिरंजीव प्रथम जरा घुश्शांतच होते. आम्ही काकांच्या बाजूनें आलों अशी त्यांची समजूत. काकांनीं आधीं शेडचें दार उघडून आपली जीप दाखविली. "हिला चाळीस वर्षांत एक स्क्रू लावला नाहीं," असें ते म्हणाले. आम्हीं आंत वांकून पाहिलें. ब्रेकच्या नळीवर तेलाचा ओघळ होता, मागच्या बाकास पट्टे नव्हते, आणि दोन टायरांच्या कडांस भेगा गेलेल्या. काकांना आम्हीं स्पष्टच सांगितलें कीं ह्या गाडींतून आजींना घाटांत नेण्याचा विचारही करूं नये. मूळचें राखणें म्हणजे न पाहणें नव्हे. रबर मूळचें असो कीं नवें, तें आपल्या वयानें मरतें. काका गप्प बसले. चिरंजीवांचा चेहरा तेव्हां थोडा उजळला, आणि पुढचें बोलणें सोपें झालें.

मग चटई पसरून आम्ही दोघे नव्या गाडीखालीं शिरलों. (आमच्या वयाच्या मनुष्यानें हें करूं नये, असें घरीं परतल्यावर आम्हांस ऐकावें लागलें.) ह्या मुलाचें ज्ञान थोडें नाहीं, हें आम्हीं तेथें मान्य केलें. आंसाच्या श्वासाच्या नळीची गोष्ट त्यास ठाऊक होती. फक्त ती त्याच्या यादींत शेवटीं होती आणि दिव्यांची रांग पहिली. आम्हीं सुचविलें तें इतकेंच कीं यादी उलटी करावी. चाकांचें माप कारखान्याचेंच ठेवून टायर मात्र खडबडीत नक्षीचे घ्यावे. मातींत शिरण्यापूर्वीं त्यांतील हवा कमी करावी आणि डांबरी रस्त्यावर येतांच पुन्हां भरावी. त्यासाठीं लहान पंप गाडींत असावा. चिखलांत रुतलेल्या दहांपैकीं निम्म्या गाड्या एवढ्यानेंच निघतात, असा आमचा अनुभव आहे, आणि हवा काढावयास पैसे पडत नाहींत. पोटाखालील नाजूक भागांवर कारखान्यानें मान्य केलेली पत्र्याची ढाल लावण्यास हरकत नाहीं. ओढून काढण्याचा हूक आहे तो चासीसवर घट्ट आहे ना, हें पहावें. लोखंडी बंपराचा बेत मात्र सोडावा. गाडीचें नाक चेंबून आघात पचविण्यासाठीं आणि आंतील हवेच्या पिशव्या योग्य क्षणीं फुगाव्या यासाठीं जी रचना केलेली असते, तिच्यापुढें लोखंडाची भिंत उभी करणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. उंचीचा प्रश्न एक पावसाळा पुढें ढकलावा. ह्या वर्षीं गाडी आहे तशी गांवीं न्यावी, आणि कोठें, काय, किती वेळां घासलें हें एका वहींत किलोमीटरासह लिहून ठेवावें. पुढील वर्षीं ती वही पाहून ठरवावें. आणि ओढ्यापाशीं आल्यावर, गाडी कितीही समर्थ असली तरी, आधीं एकानें काठी घेऊन पायीं उतरावें. गुडघ्यावर पाणी लागलें, किंवा काठी ओढली जाऊं लागली, तर कुळाचार दुसऱ्या दिवशीं.

वही लिहिण्याची सूचना चिरंजीवांस पटलीसें दिसलें. बंपराविषयीं ते अजून साशंक आहेत. उंची वाढविण्याचा विचार मात्र जेथें सुटला तेथें आमच्या युक्तिवादाचा कांहीं संबंध नव्हता. आम्ही चहा घेत असतां आजी काठी टेकीत अंगणांत आल्या, गाडीपाशीं उभ्या राहिल्या, आणि नातवाचा हात धरून आंत चढूं लागल्या. आहे त्याच उंचीवर पाय पोंचेना. सूनबाईंनीं स्वयंपाकघरांतून पाट आणून खालीं ठेविला, तेव्हां कोठें त्या आंत जाऊन बसल्या. "अजून दोन इंच म्हणतोस ना? मग मला शिडी घे," असें त्या म्हणाल्या. चिरंजीव म्हणाले, बाजूस पायरी लावतां येईल. काकांनीं लगेच विचारलें, ती पायरी जमिनीपासून किती वर राहील? नातवानें मनांत हिशेब केला. पायरी आजींच्या पायास पोंचावी इतकी खालीं आणली तर खडकाला पहिली तीच लागणार होती.

तूर्त पाट गाडीच्या मागील भागांत ठेविला आहे. तो खडखडूं नये म्हणून त्यास एक पट्टा बांधावा, एवढी सूचना करून आम्ही निघालों. वांटणीपत्र आणि मृत्युपत्र यांविषयीं आलेल्या दोन पत्रांचीं उत्तरें जागेअभावीं पुढील अंकीं देऊं.